लसीत अ‍ॅल्युमिनियम कशाला? डिचोलीच्या ताईंना उत्तर

ताई, लसींवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जंतूचा तुकडा दाखवला की शरीराला ओळख पटते, मग नातवाच्या लसीत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार कशाला, असं तुम्ही विचारलंत. मी कंपन्यांची तळी उचलतो, असंही लिहिलंत. ते मनाला लागलं, पण तुमचा प्रश्न मोलाचा आहे.

नुसता तुकडा दाखवून ओळख पटत नाही, खरी अडचण तीच. जिवंत जंतू पेशी फोडतो, धुमाकूळ घालतो, म्हणून शरीर खडबडून जागं होतं. शुद्ध केलेलं प्रथिन मुकाट्याने येतं आणि तसंच जातं. कातडीतल्या, स्नायूतल्या पहारेकरी पेशींनी ते उचलून लसिकाग्रंथींपर्यंत न्यावं लागतं (याच गाठी सुजल्या की आपण अवधाण आलं म्हणतो), आणि सोबत धोक्याचा इशाराही द्यावा लागतो. तो इशारा अ‍ॅल्युमिनियम देतं. 1926 साली ब्रिटिश संशोधक ग्लेनी यांनी घटसर्पाचं टॉक्सॉइड (जंतूचं निर्धोक केलेलं विष) तुरटीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच क्षाराने, साकळून गिनीपिगना टोचलं, तेव्हा प्रतिकार कितीतरी जोरकस आला. आज एका डोसात अ‍ॅल्युमिनियम सव्वा मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत.

लेखात एका जागी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. अ‍ॅल्युमिनियम ‘कोठारासारखं’ लस साठवून हळूहळू सोडतं, असं मी ठासून लिहिलं होतं. 2012 साली उंदरांवरच्या प्रयोगात टोचलेली जागाच काही तासांत कापून काढली, म्हणजे तिथला साठाच काढून टाकला, तरी प्रतिकार तेवढाच आला. ते वाक्य मी आज बदललं आहे.

भाचीच्या बाळाला सहाव्या आठवड्यात गोव्यातल्या साखळी गावच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. सिस्टरनी पोलिओचे थेंब तोंडात सोडले, ते आतड्यात काम करतात. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, डाव्या मांडीच्या स्नायूत खोल दिली, कारण अ‍ॅल्युमिनियम कातडीत राहिलं तर तिथे गाठ धरते. मग उजव्या दंडाची कातडी ताणून, सुई जवळजवळ आडवी धरून पोलिओचं, अ‍ॅल्युमिनियम नसलेलं, इंजेक्शन कातडीतच दिलं. मसुराएवढा पांढुरका फुगवटा आला. तेवढाच डोस, 0.1 मिली. स्नायूत द्यायचा तर 0.5 लागतो. कातडीत पहारेकरी पेशींची दाटी असते, म्हणून पाचवा हिस्सा पुरतो.

चौदाव्या आठवड्याला नातवाला न्याल तेव्हा तो फुगवटा जवळून बघा, आणि मांडीची सुई वेगळी का, ते सिस्टरना जरूर विचारा.