नोकरी सुटते त्या दिवशी विमाही सुटतो

लग्न, अपत्यजन्म आणि गृहकर्ज या टप्प्यांवर विमाछत्र वाढवावे, असे सांगणारा लेख वाचला आणि त्यातले म्हणणे पटले. मात्र नोकरीतील बदलाला तिथे जेमतेम एक ओळ मिळाली आहे आणि माझ्या मते खरी फसगत तिथेच होते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा कामाच्या अखेरच्या दिवशीच संपतो आणि त्यात आई-वडील असतील तर तेही त्याच दिवशी उघड्यावर पडतात. मी ४९व्या वर्षी नोकरी सोडली तेव्हा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि सामूहिक विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीतून (आधीपासूनच्या आजारांचा खर्च विमा देत नाही त्या सुरुवातीच्या काळातून) वजा होतात, हे मला कोणीही सांगितले नाही. नवी पॉलिसी घेतली, हप्ता वयानुसार चढा लागला आणि मधुमेहासाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. (२०२४ पासून ती ४ ऐवजी कमाल ३ वर्षांची झाली, एवढाच दिलासा.)

नॉमिनीबद्दलही (विमाधारकाच्या मृत्यूनंतर पैसे घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीबद्दलही) लिहायला हवे होते, कारण लग्न झाले म्हणून जोडीदाराचे नाव पॉलिसीवर आपोआप चढत नाही. १९३८च्या विमा कायद्यातील कलम ३९मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून आई-वडील, जोडीदार किंवा अपत्य यांचे नाव दिलेले असेल तर त्यांना लाभार्थी नॉमिनी, म्हणजे त्या पैशांचे हक्कदार, मानले जाते. त्यामुळे जुन्या आयुर्विम्यावर वडिलांचेच नाव राहिले असेल, तर पत्नीला हक्कासाठी घरातल्याच माणसांशी झगडावे लागू शकते. एक अर्ज भरून हे नाव बदलता येते.