पान चारवरचा बाप

"बाबा, तुला अपघातात मारू, की नुसता बेपत्ता करू?"

प्रश्न रात्री जेवताना आला. मी शेपूच्या भाजीत मुगाची डाळ शोधत होतो. समोर सई दोनशेपानी वही उघडून पेनाचं टोपण चावत बसलेली. वय वर्षं बारा, महिना मे. आठवड्यापूर्वी तिने जाहीर केलं होतं की ती कादंबरी लिहिणार आहे, विजेशी बोलता येणाऱ्या मुलीची. पोरगी लिहितेय म्हणून कौतुकाने ती वही आणि दोन पेनं मीच आणून दिली. म्हणजे दोरखंड माझ्याच खर्चाने आला.

"मारायलाच हवं का?" मी जमेल तितक्या साहित्यिक आवाजात विचारलं.

"मग तिचं अ‍ॅडव्हेंचर सुरू कसं होणार?"

"आणि आई?"

"आई गुप्त संघटनेची प्रमुख आहे."

गुप्त संघटनेच्या प्रमुखांनी माझ्या ताटात न विचारता आणखी शेपू वाढला.

खरं तर हा शेवट मला दिसायला हवा होता. गेली दोन वर्षं मी ही पुस्तकं वाचतोय. हौसेने नाही. 'वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही' हा नियम मीच घरात केला होता, तोही वर्तमानपत्राच्या संदर्भात, आणि तो उलटून माझ्यावरच आला. "सारखं काय ते जादूचं?" एवढंच मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी हॅरी पॉटरचे सात खंड माझ्या उशाशी. त्यातला पाचवा ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचा आहे. झोपून वाचताना तो एकदा हातातून नाकावर पडला, तेव्हापासून मी बालसाहित्याला हलकंफुलकं म्हणत नाही.

वाचायची माझी जागाही ठरलेली. पोहण्याच्या तलावाबाहेर, कथकच्या क्लासबाहेर, स्कॉलरशिपच्या शिकवणीबाहेर. स्कूटरच्या सीटवर, मांडीत हेल्मेट, हेल्मेटमध्ये पुस्तक. शेजारचे बाप शेअरचे भाव बघायचे. मी जादूगारांच्या बँकेचे व्यवहार बघायचो.

आणि हळूहळू लक्षात यायला लागलं की या पुस्तकांत माझ्या वयाच्या माणसांची फार आबाळ आहे. हॅरीचा बाप पोरगा जेमतेम सव्वा वर्षाचा असताना जातो. रोआल्ड डालच्या मटिल्डाचा बाप शेवटपर्यंत धडधाकट राहतो, पण तो गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरून जुन्या गाड्या विकतो. नजरेने वस्तू हलवणाऱ्या पोरीचं त्याला सोयरसुतक नाही. पर्सी जॅक्सनचा बाप तर अमर आहे. साक्षात समुद्राचा देव. तरी बारा वर्षांत एका पालकसभेला आला असेल तर शपथ. आपण निदान शेवटच्या बाकावर बसून येतो.

गंमत म्हणजे हा पर्सी जन्माला आला तो एका चांगल्या बापामुळेच. रिक रायर्डन हे शिक्षक. मुलाला डिस्लेक्सिया, शिवाय लक्ष एका जागी टिकत नाही. झोपताना त्याला ग्रीक पुराणकथा सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा यांनी नवी गोष्ट रचली आणि नायकाला नेमक्या त्याच अडचणी दिल्या. तिथे त्या देवाचं लेकरू असल्याची खूण ठरतात. २००५ मध्ये तिचं पुस्तक झालं. हे वाचून मला बरंच हायसं वाटलं. म्हणजे या प्रकारात सुरक्षित राहण्याचा एक मार्ग बापाला आहे : स्वतः लेखक होणे. पण आमच्याकडे पेन तिच्या हातात.

आमच्या घरी शक्तीचा शोध अकराव्या वाढदिवसापासून सुरू झाला. हॅरीला अकराव्या वर्षी जादूच्या शाळेचं पत्र येतं, म्हणून सई सकाळपासून दारात. दुपारी पोस्टमन खरंच आला. पाकिटावर माझं नाव होतं. आयुर्विम्याचा हप्ता थकल्याची सूचना. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं, नियतीला याहून स्पष्ट काय लिहिता आलं असतं?

मग प्रयोग. आमटीच्या वाटीकडे वीस मिनिटं टक लावून बघणे. वाटी हलली नाही. आमटी गार झाली, त्याचं श्रेय मात्र तिने घेतलं. भिंतीतून जाण्याच्या प्रयोगात कपाळाला टेंगूळ. मांजराशी मनातल्या मनात संभाषण, ज्यात मांजराने फक्त दुधाचा विषय काढला. आणि एके दिवशी तिने पंख्याकडे बोट रोखून "थांब!" म्हटलं आणि पंखा थांबला. नुसता आमचाच नाही, अख्ख्या गल्लीतला.

तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. पण तिचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या तोंडून 'गुरुवार' हा शब्द निघाला नाही. त्या एका न उच्चारलेल्या शब्दातून ही कादंबरी उगवली आहे, आणि तिचा पहिला बळी मी आहे.

मी देशी उपाय करून पाहिला. कपाटातून फास्टर फेणे काढला. म्हटलं, भा. रा. भागवतांचा बनेश वाच. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात विद्याभवनात शिकतो, एकटा चोर पकडतो.

"त्याची पॉवर काय?"

"सायकल."

"किती गिअरची?"

"गिअर नाहीत. तो तोंडाने 'ट्टॉक' करतो."

तिने माझ्याकडे जी नजर टाकली तिने आमटीची वाटी नक्की हलली असती. आता मला वाटतं, बाजू मीच नीट मांडली नाही. हडपसरहून फुरसुंगीला संध्याकाळी साडेसहा वाजता सायकलने वेळेवर पोहोचणारं पोर आज कोणी दाखवलं, तर त्याच्यात दैवी अंश आहे हे मी लिहून देईन.

शेवटी माझ्या आईकडे गेलो. म्हटलं, आपल्या गोष्टी सांग हिला, घरंदाज. आपल्याकडे बापाला मान असतो.

आईने कृष्णापासून सुरुवात केली. पूतना, कालिया, करंगळीवर गोवर्धन. सई हरखली. "आणि याचे खरे आईबाबा कुठे असतात?" "तुरुंगात." सईने वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग ध्रुव : बाप आहे, पण पोराला मांडीवर घ्यायची हिंमत नाही. मग प्रल्हाद. त्याच्या बापाचं काय झालं ते सांगताना आईने मांडीवर आडवं घेतल्याचा आणि नखांचा अभिनय इतका मनापासून केला, की त्या दिवसापासून मी तिन्हीसांजेला उंबरठ्यावर टेकत नाही. आमच्या फ्लॅटला उंबरठा म्हणजे ग्रॅनाइटची दोन इंची पट्टी आहे, पण धोका कशाला?

मग आईने आळंदीची भावंडं सांगितली. चौघंही लहान. पैठणला रेड्याच्या मुखी वेद. म्हातारा चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन भेटायला येतो, तर ही चौघं बसल्या भिंतीसकट त्याला सामोरी जातात. पाठीवर मांडे भाजून झालेले. सगळ्यांत धाकटी मुक्ताई, आणि रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदादाला समजावते ती. सईचं पेन थांबलं होतं.

"चौघांनाही पॉवर? एकाच घरात?"

"हो गं."

"मग त्यांचे आईबाबा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नव्हते. गावाने राहू दिलं नाही."

या ठिकाणी माझी थट्टा जरा अडखळते. बाकीच्या बापांना लेखकांनी सोयीसाठी काढलं. विठ्ठलपंतांना धर्मपंडितांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं, पोरांना पदरात घ्यावं म्हणून. सई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्यांना भिंत सापडली तेव्हा त्यांना राग आला असेल ना, की आधी का नाही सापडली?" आईला उत्तर आलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर वाटाघाटीला बसलो. म्हटलं, बघ, मी घरात असलो तर बिघडतं काय? मी मदत करीन.

"बाबा, तिच्या बोटातून ठिणग्या आल्या तर तू पहिल्यांदा काय करशील?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "डॉक्टरकडे नेईन."

"मग?"

"मेन स्विच बंद करीन. रबरी चपला घालायला सांगीन."

"आणि रात्री बारा वाजता तिला एकटीला गुहेत जायचं असेल तर?"

"अजिबात नाही. कुठली गुहा? सोबत कोण आहे? त्यांच्या आईचा नंबर दे."

"बघ," सई म्हणाली. "पान चार. कादंबरी संपली."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सगळ्या लेखकांचं सगळं कारस्थान त्या दोन शब्दांत होतं. तरी मी चिकाटी सोडली नाही. छोटी भूमिका चालेल म्हटलं. स्मृती गेलेला चालेल. चहावाला चालेल. तिने टोपण चावत खूप विचार केला आणि अखेर खोडरबर न वापरता, नुसती एक ओळ वर घुसवून, मला जिवंत ठेवलं.

"तू तिला स्कूटरवरून गुहेपर्यंत सोडायचं. आत यायचं नाही. बाहेर थांबायचं."

"किती वेळ?"

"चाळीस प्रकरणं."

"पाऊस आला तर?"

"डिकीत रेनकोट ठेव," ती म्हणाली, आणि पान उलटलं.