०७१२च्या पुढचे आकडे

नागपुरात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, इथे इंग्लंडमधल्या रेडिंगला संध्याकाळचे सहा. २०२५चा जानेवारी. मी मुलाला वरणभात कालवून देत होते, तेवढ्यात मानेवाड्याहून मावसबहिणीचा फोन आला. ती न्हाणीघरात आतून कडी लावून बसली होती. कुजबुजत एवढंच म्हणाली, "ताई, आज यानं गळा धरला. मी कुठी जाऊ?"

पुढचा तासभर मी फोनवर शोधत बसले होते. महिलांसाठी निवारा, नागपूर. महिला समुपदेशन केंद्र, नागपूर. याद्या भरपूर सापडल्या. त्यातला एक नंबर नोकरदार महिलांच्या वसतिगृहात लागला. दुसरा बंद पडलेला होता. तिसऱ्यावर सकाळी दहा ते सहा या वेळेत फोन करा, असं ऐकवलं गेलं. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे हे मला माहीत होतं, पण असे छोटे नंबर परदेशातून लागत नाहीत. ११२ फिरवला असता तर ब्रिटनच्याच आपत्कालीन सेवेला लागला असता. मला ०७१२ने, म्हणजे नागपूरच्या एसटीडी कोडनं, सुरू होणारा असा एक नंबर हवा होता, जो रात्री बारा वाजता कोणीतरी माणूस उचलेल. तो मला सापडला नाही. आणि इकडे मी शोधत बसले त्या नादात तिला "तूच १८१ लाव" हे सांगायचंच राहून गेलं. ती चूक मला अजून झोपू देत नाही.

तिला त्या रात्री शेजारच्या काकूंनी घरात घेतलं. मावशी फोनवर म्हणत होती, "रात्रीची कुठी जातेस, सकाळी पाहू." मावशीचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिच्याकडेही कुठलाच पत्ता नव्हता.

सकाळी ती पोलीस ठाण्यात गेली. घरगुती मामला आहे, मोठ्या माणसांना बसवून समजूत काढा, असं तिला सांगण्यात आलं. मग कोणाच्या तरी ओळखीनं ती एका समुपदेशन केंद्रात गेली. तिथं पहिला प्रश्न आला : वाद नेमका कशावरून झाला? दुसरा : तुम्ही उलट बोलता का? गळ्याबद्दल कोणी विचारलं नाही. इंग्लंडमध्ये घरगुती हिंसेच्या प्रकरणात पोलीस किंवा सल्लागार धोका जोखायला प्रश्नांची एक ठरलेली यादी घेऊन बसतात. त्यात गळा दाबल्याचा प्रश्न असतोच, कारण ज्या हातानं एकदा गळा धरला तो पुढे जीव घेऊ शकतो, हे त्या क्षेत्रातल्या माणसांना अनुभवानं कळलेलं आहे. २०२२च्या जूनपासून तिथे गळा दाबणं हा स्वतंत्र गुन्हाच केला आहे. आपल्याकडे मात्र समुपदेशन म्हणजे समेट, असाच अर्थ बहुतेकांच्या मनात रुजलेला आहे.

खरा पत्ता तिला दिला तो काकूंकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईनं. भांडी घासता घासता ती म्हणाली, "ताई, सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात जा. तिथं फुकटचा वकील भेटते. मले भेटला होता." आणि पुढे, "संरक्षण अधिकारी कुठी बसते ते इचारा, त्या रिपोर्ट लिहून देतात." आमच्या घरात दोन इंजिनिअर, एक प्राध्यापक आणि एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. चौघांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. यावर मी फार विचार केला. ती बाई शोधत गेली होती, कारण तिला तिच्या घरातलं दुखणं मान्य होतं. आपल्या घरात असं काही होत नाही, अशी आमची समजूत. मग पत्ता शोधून ठेवायचा कशाला?

मे महिन्यात पुण्याजवळ एका तरुण सुनेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठीच्या छळाची ती गोष्ट महाराष्ट्रभर गाजली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज चर्चा सुरू झाली. एक बाजू म्हणे, अशांना भर चौकात फाशी द्या. दुसऱ्या बाजूला माझा मामेभाऊ. आदल्या डिसेंबरात बेंगळुरूला एका इंजिनिअरनं पत्नीच्या खटल्यांना कंटाळून आयुष्य संपवलं होतं, तेव्हापासून तो पोटतिडकीनं लिहीत होता की नवरा-सासरच्यांच्या छळाविरुद्धच्या कलम ४९८अचा सर्रास गैरवापर होतो. (ते कलम आता १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ८५व्या क्रमांकावर आहे.) मी काही लिहिलं की तो म्हणे, तुम्ही तिकडे बसून आम्हाला शिकवू नका.

त्या ग्रुपमध्ये माझी मावसबहीणही होती. ती सगळं वाचत होती. एका शब्दानं तिनं उत्तर दिलं नाही.

भावाच्या दुखण्याला मी खोटं म्हणणार नाही. खटल्यांच्या ओझ्याखाली पुरुषही मोडतात, आणि अशा वेळी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्यांच्यासाठीही आहे. २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही सेवा चोवीस तास मोफत आहे आणि फोन करणारा बाई आहे की पुरुष हे पाहत नाही. पण त्या सगळ्या वादात दोन्ही बाजू शिक्षेबद्दल बोलत होत्या. शिक्षा ही पाच-दहा वर्षांनंतरची गोष्ट. रात्री साडेअकराला न्हाणीघरात बसलेल्या मुलीला नवरा तुरुंगात जावा असं मुळीच वाटत नव्हतं. तिला कुठेतरी निर्धास्त झोपायचं होतं, आणि सकाळी पोरीला शाळेत पोचवायचं होतं.

मला जे सांगायचं आहे ते इतकंच की आपल्याकडे कायदा दुबळा नाही. तो कुठं भेटतो, हे कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये राहून मला आपल्या कायद्याचं मोल अधिक कळलं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार भारतातल्या कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. इंग्लंडमध्ये तसं नाही. २०१३पासून कौटुंबिक प्रकरणांतली सरकारी कायदेशीर मदत एवढी आकसली आहे की ती मिळवायला बाईला छळाचा पुरावा दाखवावा लागतो, आणि बहुतेक वेळा कमाईची मर्यादाही आडवी येते. आपला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, तिथं राहायचा हक्क तो बाईला देतो. अर्ज ती तात्पुरती जिथे राहते तिथल्याही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करू शकते. पुण्यात किंवा दुबईत त्रास झाला आणि माहेरी नागपूरला आली, तर नागपुरातच अर्ज होतो. आणि ज्यांना माझ्यासारखं दुरून तळमळावं लागतं त्यांच्यासाठी कलम ४ : हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं, अशी कोणीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. हे मला त्या रात्री माहीत असतं तर!

निवाऱ्याचं तसंच. केंद्र सरकारची वन स्टॉप सेंटर योजना १ एप्रिल २०१५ला सुरू झाली. लोक त्याला सखी केंद्र म्हणतात आणि नागपुरातही ते आहे. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशक आणि थोड्या दिवसांचा निवारा, एका छपराखाली. इंग्लंडमध्ये एका बाईला याच पाच गोष्टींसाठी अनेकदा वेगवेगळ्या ठिकाणी फिरावं लागतं. अडचणीतल्या बायकांसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही २०१७पासून आहे. सखी केंद्रातला मुक्काम मात्र साधारण पाच दिवसांचा. पुढचा आसरा म्हणजे शक्ती सदन, ज्याला पूर्वी स्वाधारगृह म्हणत. तिथे आईसोबत मुलगा बारा वर्षांपर्यंतच राहू शकतो. तेरा वर्षांच्या मुलाला कुठे ठेवायचं, या प्रश्नापायी कितीतरी बाया मुकाट घरी परततात. इंग्लंडच्या निवाऱ्यांतही मोठ्या मुलांना घ्यायला अडचण असते, तेव्हा हे एकट्या आपलं अपयश नाही.

इंग्लंडची बाजूही पुरती सांगायला हवी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईच्या परवान्यावर सरकारी मदतीचा हक्क नाही असं लिहिलेलं असतं. निवाऱ्यांचं भाडं बव्हंशी त्याच सरकारी मदतीतून येतं, म्हणून जागा असूनही तिला दार बंद. फेब्रुवारी २०२४पासून नोकरी वा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांनाही छळ झाल्यास ती मदत घ्यायची तीन महिन्यांची सवलत मिळते. तीन महिन्यांनी काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या मराठी मंडळांमध्येही अशा मुली आहेत. गणपतीत आरतीला शेजारी उभ्या असतात आणि आपल्याला कळत नाही.

तरीही एक गोष्ट इंग्लंडच्या लोकांनी नीट केली आहे. पत्ता बाईच्या हातात दिला आहे. माझ्या वेळी गरोदरपणाच्या तपासणीला नवरा सोबत आला होता. सुईणीनं त्याला सहज बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "घरी तुला सुरक्षित वाटतं ना?" सगळ्यांनाच विचारतात, असंही ती म्हणाली. मला काही सांगायचं नव्हतं, पण सांगायचं असतं तर कोणाला, हे त्या दिवशी कळलं. बाजारपेठेतल्या आणि दवाखान्यातल्या बायकांच्या शौचालयाच्या दारामागे आतून नंबर चिकटवलेला असतो, जिथे नवरा वाचायला येत नाही. जानेवारी २०२१पासून कितीतरी औषधांच्या दुकानांत "अ‍ॅनी आहे का?" एवढं विचारलं की दुकानदार बाईला आतल्या खोलीत नेऊन फोन जोडून देतो. मोबाइलवरून पोलिसांना फोन लावून बोलता येत नसेल, तर ऑपरेटरनं सांगितल्यावर ५५ दाबलं तरी पोलिसांना इशारा पोचतो. हिंदी, गुजराती, पंजाबी, उर्दूतली पत्रकं मी पाहिली आहेत. मराठीतलं अजून एकही पाहिलं नाही.

यातलं काय नागपुरात अशक्य आहे? डागा, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत रोज शेकडो बायका येतात. नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवून एक प्रश्न विचारायला वेगळा कायदा लागत नाही. महाराष्ट्राला हे नवीनही नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेनं २०००मध्ये दिलासा केंद्र उघडलं, ते याच विचारानं : मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, मलमपट्टीला दवाखान्यात नक्की येते.

नागपूरला तर याबाबत गप्प बसायचा अधिकारच नाही. पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा प्रकरणात १९७६मध्ये खालच्या न्यायालयानं सोडलेल्या पोलिसांना दोषी ठरवलं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं; १९७८ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि देशभरातल्या बायका रस्त्यावर आल्या. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषद याच शहरात उभी केली. आणि १३ ऑगस्ट २००४ला, वर्षानुवर्षं तक्रारी करून दाद न मिळालेल्या कस्तुरबानगरातल्या बायकांचा जमाव जिल्हा न्यायालयात शिरला आणि तिथेच त्यांना छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाचा जीव गेला. त्या दिवसाचं समर्थन मी करत नाही. पण सगळी दारं वाजवून झाल्यावर काय होतं, हे आपल्या शहरानं पाहिलेलं आहे. त्याच न्यायालयाच्या आवारात आज मोफत वकील मिळतो.

माझ्या बहिणीला तो मिळाला. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल लिहिला, न्यायालयानं संरक्षणाचा आदेश दिला, पण कायद्यात साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करा असं लिहिलेलं असूनही तारखा पडतच आहेत. ती आता बेस्याला भाड्याच्या खोलीत राहते, पोरगी शाळेत जाते.

डिसेंबरात मी नागपूरला गेले तेव्हा आम्ही दोघींनी एका कागदावर नंबर लिहिले. ११२, १८१, लहान मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्यांसाठी १४५६७, वकिलासाठी १५१००, मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. मानेवाड्याच्या सोसायटीत लिफ्टजवळ लावायला दिला, तर सचिव म्हणाले, "काहून लावता बापा, सोसायटीची बदनामी होईल." ओळखीच्या डॉक्टरबाईंनी मात्र त्यांच्या दवाखान्यात बायकांच्या शौचालयाच्या दारामागे तो लावू दिला. तिथे तो अजून आहे.

०७१२वाले नंबरही आम्ही जमवले आहेत, दुरून फोन करणाऱ्यांसाठी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिकडे रात्र असताना, मी इथून एकेक लावून बघते आणि ती तिथून छोटे नंबर तपासते. या महिन्यात चारपैकी दोन उचलले गेले. एक बंद होता. चौथ्यावर नुसती घंटा वाजत राहिली, पण आम्ही तो अजून यादीतून काढलेला नाही.