३१ पण विषम आणि १ पण विषम!

आधीच सांगते, मी नियम मोडणाऱ्यातली नाही. सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या मागं थांबते आणि त्यासाठी मागच्यांचे हॉर्न खाते. तरीही परवा सातशेच्या वर रुपये मोजून माझीच स्कूटर सोडवून आणलीये. अख्खा जन्म पुण्यात गेला माझा आणि मला तारखेप्रमाणं रस्त्याची बाजू बदलणारं सम-विषम पार्किंग कळत नाही!

झालं असं की भाचीचं लग्न आहे, त्यामुळं लक्ष्मी रोडच्या चकरा चालूयेत. ३१ तारखेला गेले, विषम तारीख, म्हणून विषमच्या म्हणजे पी-वनच्या बाजूला गाडी लावली, ब्लाऊज शिवायला टाकले, सगळं छान. दुसऱ्या दिवशी एक साडी बदलायची होती म्हणून परत गेले. सकाळचे सव्वादहा, शटरं नुकती वर जात होती, रस्ता मोकळा. डोक्यात एकच, काल त्या बाजूला लावली म्हणजे आज या बाजूला. दोन स्कूटर तिथं आधीच उभ्या होत्या, मी तिसरी लावली. पाटी होती हो, नाही असं नाही, पण तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लोंबत होता आणि साहेबांचा गॉगल बरोब्बर त्या 'पी'वर आलेला. पाटी झाकणाऱ्याला दंड नाही. वीस मिनिटांत बाहेर आले तर तिन्ही गाड्या गायब.

अहो, ३१ पण विषम आणि १ पण विषम!! पी-वन म्हणजे विषम, पी-टू म्हणजे सम, लहान पोरालाही पाठ आहे हे, पण लागोपाठ दोन दिवस एकच बाजू चालते हे लक्षात कुणाच्या राहतं? वर्षातनं सात वेळा होतं असं, ३१ चे महिने मोजून बघा, आणि लीप इयर असेल तर २९ फेब्रुवारीला आठव्यांदा. (हो, बसून मोजलंय मी, रात्री झोप येत नव्हती संतापानं.)

आणि खरी गंमत पुढंच आहे. बदलून आणलेली साडी माझ्या हातात होती, पण डिकीत भाचीचा शालू होता. शा-लू. चहावाल्याला विचारलं तर तो ग्लास विसळत शांतपणे म्हणतो, आत्ताच उचलल्या की ताई, भोंग्यावर नंबर पुकारला नाही का ऐकला? आता मी दुकानात आत गादीवर बसून साड्यांचे पदर बघतीये, मला कुठला ऐकू येणारे भोंगा.

मग गाडी जिथं नेली तिथं जायचं कसं? रिक्षानं! कोपऱ्यावर स्टँड, पाच रिक्षा उभ्या. पहिल्यात दादा मागच्या सीटवर आडवे, पाय बाहेर, मोबाईलवर रील. त्यांनी मान पण वर केली नाही, नुसतं "च्" केलं. दुसरा म्हणाला जवळचं भाडं नाही घेत. तिसऱ्यानं विचारलं कुठं, मी सांगितलं, तर म्हणे ऐंशी. अरे दोन किलोमीटर नाही ते! पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढं किलोमीटरला १७, म्हणजे फार तर साडेतेहतीस रुपये होतात. मीटर टाका म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांची किडनी मागितली. भाडं नाकारणं कायद्यानं गुन्हा आहे म्हणे. असेल. मी दिले ऐंशी, कारण डिकीत शालू.

तिकडं पोचले तर माझी स्कूटर चाळीस गाड्यांच्या मधोमध अडकलेली, एक आरसा आकाशाकडं वळलेला, पॅनेलवर नवा ओरखडा. दंडाचे ५००, टोइंगचे वेगळे, त्यावर जीएसटी. मी म्हटलं, अहो पाटी दिसत नव्हती, फ्लेक्सचा फोटो दाखवला मोबाईलवर. "मॅडम, तारीख तर दिसते ना कॅलेंडरमध्ये." काय बोलणार यावर? वर प्रेमानं सांगितलं की परत सापडलात तर १५०० होतात. शालू मात्र होता जागेवर.

घरी नवरा म्हणाला, पेठेत गाडी न्यायचीच कशाला, कॅब कर की. बरं. काल आईला न्यायचं होतंच, तिचे गुडघे गेलेत, म्हणून कोथरूडवरनं कॅब बोलावली. पहिल्याचा फोन आला, "कुठं जायचंय?" ॲपमध्ये लिहिलंय बाबा! "पेठेत नाय येत मॅडम, तिकडं अडकलो की तास जातो." कॅन्सल पण मीच करायचं, तो करणार नाही. दुसरा नकाशावर आमच्याकडं यायच्या ऐवजी लांब लांबच जात राहिला, अकरा मिनिटं आई फाटकात काठी टेकून उभी. तिसरा आला, आम्ही बसलो, दार लावलं आणि मग म्हणाला, ॲपमध्ये दिसतंय ते नाही, सरकारी रेटनं द्यावं लागेल. आता खरं सांगायचं तर त्याचं पण चुकत नाही, आरटीओनंच एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढं २५ ठरवून दिलेत जानेवारी २०२४ पासून, आणि ॲप त्याच्या हातावर किती टेकवतं ते त्यालाच माहीत, गाडीचे हप्ते पण त्यालाच भरायचेत. पण मग ॲपवर दुसराच आकडा दाखवता कशाला? मी रिक्षेत भांडायचं, कॅबमध्ये भांडायचं, मी लग्नाच्या खरेदीला चाललीये का कोर्टात?

आणि प्लीज, मेट्रोनं जा असं कुणी सांगू नका. मंडईला स्टेशन झालंय माहितीये, मी एकटी असले तर जातेही, मस्त आहे. पण वनाझ स्टेशनपर्यंत आईला न्यायला रिक्षा लागते आणि तेवढ्या जवळ रिक्षा येत नाही. स्कूटरवर न्यावं तर स्टेशनपाशी ती लावायला जागा शोधा, आणि मग मध्ये सिव्हिल कोर्टला गाडी बदला, त्या गुडघ्यांनी. मंडईच्या पार्किंगचं तर नावच काढू नका, लग्नसराईत 'फुल्ल'ची पाटी तिथं कायमची टांगलेली असते, आणि गंमत म्हणजे ती पाटी कुठल्याच फ्लेक्सनं झाकली जात नाही. २०१८ मध्ये महापालिकेनं रस्त्यावरच्या पे-पार्किंगची पॉलिसी मंजूर केलेली, तेव्हा काय भांडणं झाली होती पुण्यात, आठवतंय? अजून मी आपली पी-वन पी-टूच करतीये.

मघाशी टेलरचा फोन आला. दोन ब्लाऊजना हूक लावायचे राहिलेत, ताई उद्या या. उद्या ४ तारीख, सम, म्हणजे पी-टू, म्हणजे परवा जिथनं उचलली तीच जागा.