‘पगार घेता ना मग?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमची प्रतिक्रिया वाचली. मेंटरिंगच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना अभ्यासात आणि अडचणीत सोबत करण्याच्या कामाला प्राध्यापकांच्या प्रमोशनमध्ये स्वतंत्र गुण हवेत असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता, "मॅडम, पगार घेता ना मग? पोरांना चार शब्द सांगितले की लगेच सर्टिफिकेट पाहिजे." शिवाय कागदपत्रं वाढतील आणि सीएचबीवाल्यांचं (तासिकेवर मानधन घेऊन शिकवणाऱ्यांचं) काय, असंही विचारलंय. मतभेद असू देत हो, पण "चार शब्द"? समोर बसून हे असंच बोलला असतात का?

पोस्टचं शीर्षक जरा भडक होतं, ते मान्य.

आता पगाराचं. पीएचडीच्या गाइडलाही पगार असतोच ना? तरी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत एका पीएचडीमागे गाइडला १० गुण आहेत, थिसिस नुसता सबमिट झाला तरी ५, पीजीच्या डिसर्टेशनला २. त्यांना कोणी पगार काढून दाखवत नाही. आणि बीएच्या पोराला तीन वर्षं कॉलेजात टिकवून धरणाऱ्याला? करिअर समुपदेशन, स्टुडंट क्लब, सहली, एनएसएस सगळं त्याच नियमांत एका कलमात कोंबलंय, आणि परीक्षेचं काम, सेमिनार, एखादा पेपर दाखवला की त्याच्याशिवायही भागतं. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, आली की मात्र मेंटरिंगची माहिती द्यायची असते, तेव्हा आमच्या वह्या लागतात. ब्रिटनमध्ये अ‍ॅडव्हान्स एचई या उच्च शिक्षणातल्या संस्थेची, शिकवण्याच्या कामाला मान्यता देणारी फेलोशिप आहे, असोसिएटपासून प्रिन्सिपलपर्यंत चार पायऱ्या, त्यात विद्यार्थ्यांच्या शिकण्याला दिलेला आधारसुद्धा पुराव्यासकट मांडता येतो. तिथले लोकही पगारीच आहेत.

मी नाशिकला बरीच वर्षं शिकवतेय सर. माझ्याकडे सुरगाणा, पेठकडची मुलं येतात, घरातून कॉलेजात आलेलं पहिलंच माणूस. त्यातली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला यायचीच बंद झाली, महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा) फॉर्म त्रुटीत अडकलेला, खोलीचं भाडं थकलेलं, वडील म्हणाले आता दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला येऊ द्या तिला. मी रात्री त्यांच्याशी फोनवर बोलायचे, दिवसा क्लार्कच्या टेबलाशी उभी राहायचे, उत्पन्नाचा दाखला कुठे अडकलाय ते शोधायचे आणि मधल्या वेळात तिचे बुडालेले टॉपिक घ्यायचे. ती ग्रॅज्युएट झाली. प्रमोशनच्या कमिटीपुढे हे सांगितलं तर "मॅडम, हे कुठल्या हेडखाली टाकायचं?" एवढंच विचारलं गेलं. ह्याला तुम्ही चार शब्द म्हणताय, आणि ते मला लागलंय, लपवत नाही.

कागदपत्रं वाढतील म्हणता, वाढू देत, आत्ता काय कमी आहेत? सीएचबीचा विषय वेगळा आहे, तो इथे ओढू नका. आणि तुम्ही स्वतः शिकवत असाल तर तुमच्या डिपार्टमेंटला मेंटरची वही कोण भरतं ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.