समुद्र मोकळा, माणसं कामात

क्रूझला जायला उत्तम काळ कोणता, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: डिसेंबर ते फेब्रुवारी. समुद्र शांत, हवा गार, दुपारी डेकवर बसलं तरी ऊन सोसवतं. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ज्यांच्या घरात द्राक्षबाग नाही, दहावीचं पोर नाही आणि सासूबाई नाहीत, अशांसाठी आहे. नाशिकमध्ये अशी कुटुंबं असतीलही. मला अजून भेटायची आहेत.

बोट मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटते आणि गोव्याला नाहीतर लक्षद्वीपला जाते. कसारा घाट उतरून धक्क्यावर पोचायला अर्धा दिवस लागतो, आता इगतपुरीपासून समृद्धी धरली तर त्याहून कमी. म्हणजे अंतराचं काही अडत नाही. अडतं ते तारखेवर.

नवऱ्याचं म्हणणं, मे महिना. शाळांना सुट्टी, कंपनीत रजा मिळते, विषय संपला. विषय अर्थातच संपला नाही, कारण सासूबाई, म्हणजे आमच्या आई, हवामान खात्याच्या बातम्या मालिकांपेक्षा मन लावून बघतात. अरबी समुद्रात वादळं उठायची ती पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जूनला, निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि तिथून निघालं ते थेट नाशकात आलं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण त्या रात्री जे उडालं ते पुन्हा दिसलं नाही.

"घरी बसलेल्यांना सोडत नाही ते वादळ," आई म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहणार?"

आईंचं माहेर पंचवटीतलं. पाणी मोजायचं त्यांचं माप एकच, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं ते बघायचं आणि त्यावरून घराबाहेर पडायचं की नाही ते ठरवायचं. ज्या पाण्यात मारुतीच उभा नाही, त्या पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो.

पुढचं फर्मान: नारळी पौर्णिमेआधी समुद्राचं नाव काढायचं नाही. आता गंमत बघा, याबाबतीत आईंचं पंचांग, सरकार आणि जहाजवाले यांचं झकास जमतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद. मोठी क्रूझ जहाजं त्या दिवसांत मुंबईला रामराम ठोकून चेन्नईकडे सरकतात, कारण तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबरपासूनचा. मग तिकडूनच श्रीलंकेला जाऊ की, असं मी सुचवून पाहिलं. "पावसाळ्यात चेन्नईला कशाला?" असा उलट प्रश्न आला. तिकडे तेव्हा पावसाळा नसतो हे समजावता समजावता भाजी करपली.

बरं, नारळी पौर्णिमा झाली. पाठोपाठ गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्राचे घट. त्यात अधिक महिना आला की सगळे सण वीसेक दिवस पुढे ढकलले जातात आणि शाळेच्या सहामाहीत जाऊन बसतात. दिवाळीच्या सुट्टीवर मात्र आईंची हरकत नव्हती. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज घरी झाली म्हणजे झालं.

तिथे भाऊजी आडवे आले.

माझ्या धाकट्या दिरांची पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे. बाग म्हणजे तान्हं मूल आहे, फरक इतकाच की मूल कधीतरी मोठं होतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. त्यानंतर पोंगा म्हणजे कोवळी फूट, मग फुलोरा, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग विरळणी, आणि जानेवारीपासून काढणी ती पार मार्चपर्यंत. या सगळ्यात एखादा दिवस आभाळ आलं की डावणी रोगाची धास्ती, आणि भाऊजी रात्री-अपरात्री ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून बागेत. मी एकदा दिवाळीत त्यांच्याकडे बसले होते. पानावर चकली होती, हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर पावसाचा नकाशा. माणूस चकली न बघता उचलत होता, पण नकाशावरचा निळा ठिपका दिंडोरीकडून सरकताना मात्र डोळ्याची पापणी लवत नव्हती. ठिपका वणीकडे वळला तेव्हा कुठे त्यांनी चकली खाल्ली.

"वहिनी, बोटीवर नेट राहतं का?" त्यांनी विचारलं.

"पैसे भरले तर राहतं म्हणे."

"मग राहू द्या."

यातून मी असा अर्थ काढला की ते येणार नाहीत. जावेने असा अर्थ काढला की ते येतील. त्यांना नेमके कधी मोकळे असता म्हणून खोदून विचारलं, तर बराच वेळ मान खाजवून म्हणाले, "जुलै. जुलैत जरा बरं असतं." म्हणजे समुद्र मोकळा असतो तेव्हा भाऊजी बागेत, आणि भाऊजी मोकळे होतात तेव्हा समुद्र बंद. या दोघांची कुणीतरी एकदा गाठ घालून द्यायला हवी.

जाऊबाई झेडपीच्या शाळेत. त्यांना सुट्ट्या भरपूर, असं ज्यांना वाटतं त्यांनी मतदारयादीचं काम एकदा करून बघावं. माझी लेक यंदा दहावीत, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीवर तिनेच फुली मारली. तसाही जानेवारी गेलाच होता, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या आईंची हळदीकुंकवाची फेरी चालते. दहावी संपली की जाऊ, पुढच्या वर्षी, असं एकदा ठरत आलं होतं. पण पुढचं वर्ष २०२७, म्हणजे सिंहस्थ. त्या वर्षी नाशिककराने गाव सोडायचं म्हणजे घराची किल्ली पाहुण्यांच्या हातात देऊन निघायचं.

मध्यंतरी एका बाजूने रंगीत तालीमही झाली. आमच्या पुतणीला घाट लागतो, कसाऱ्याच्या दुसऱ्या वळणालाच पिशवी काढावी लागते. बोटीवर हिचं काय होणार, ते बघायला सगळे गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर गेलो. आईंनी नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवलं. पुढची क्लिप लागेना, म्हणून ती लावायला तिथला मुलगा आला, तर त्याला म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, मी पदर खोचते." पुतणी फेरीभर मजेत ओरडत होती. नवरा मात्र आवळासुपारी तोंडात धरून गप्प बसला होता आणि काठावर आल्यावर बराच वेळ त्याने कुणाकडे पाहिलं नाही. मोठं जहाज इतकं हलत नाही, त्याला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, असं मी त्याला वाचून दाखवलं. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथे हेलकावा सगळ्यात कमी, हेही. ही खालची केबिन बाल्कनीवाल्या केबिनपेक्षा स्वस्त असते, हे वाक्य त्याने स्वतःच मोठ्याने वाचलं.

राहता राहिला डिसेंबर. त्यातही नाताळचा आठवडा सोडून, कारण तेव्हाचे दर बघून नवऱ्याला धरणाशिवायच मळमळलं. नाताळाआधीचे, रविवारी निघून बुधवारी परतायचे दिवस त्यामानाने परवडतात. लेकीची पूर्वपरीक्षा जानेवारीत आहे, ती पुस्तकं घेऊन येते म्हणाली. ती पुस्तकं उघडेल यावर घरात कुणाचाच विश्वास नाही, पण तारीख मिळत असेल तर आम्ही विश्वास ठेवायला तयार आहोत. मी एजंटला फोन लावला. आई शेजारी बसल्या होत्या.

"मार्गशीर्षातला गुरुवार येतोय का बघ," त्या म्हणाल्या. "बोटीला उशीर झाला तर घट तिथेच मांडावा लागेल. विचार त्याला."

मी विचारलं. एजंट नाशिकचाच, त्यामुळे तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, कलश, नारळ चालेल बहुतेक, पण दिवा-उदबत्ती नाही. बोटीवर आग चालत नाही, इस्त्रीसुद्धा नेऊ देत नाहीत."

"आणि चिवडा?" आई.

"सीलबंद असेल तर विचारून सांगतो. घरचा नको."

घरचा नको म्हटल्यावर आईंचा चेहरा पडला, आता हीही तारीख गेली असं मी धरून चालले. पण त्यांनी हिशेब घातला. बोट बुधवारी लागणार, गुरुवारी त्या आपल्या देवघरात. "उशीर झाला तर समईचं नुसतं चित्र ठेवते," म्हणाल्या आणि पैसे भर म्हणून खूण केली. मी लगेच भरले, आगाऊ, परत न मिळणारे. त्यांचा विचार बदलायच्या आत.

आता बाल्कनीची एकच केबिन घेतली आहे आणि ती कुणाला, यावर शनिवारी रात्री बैठक आहे. नवऱ्याने आपलं मत खालच्या मजल्याला देऊन टाकलंय. भाऊजींचा निरोप आलाय, बैठकीला नक्की येतो, बोटीचं मात्र डिपिंग उरकल्यावर सांगतो.