पेशब्लेंडेतला 'पेश' कोणता?

लेख छान, पण त्यात पेशब्लेंडे या युरेनियमच्या खनिजाच्या नावाचा अर्थ 'दुर्दैवी दगड' असा दिलाय, ते काही पटलं नाही. जर्मनमध्ये 'पेश'चा दुर्दैव असाही अर्थ होतो खरा, पण मूळ अर्थ डांबर. हा दगडही तसाच, काळाकुट्ट आणि तुकतुकीत. 'ब्लेंडे' आलं 'ब्लेंडेन'वरून, म्हणजे डोळे दिपवणं, फसवणं. हातात घ्यावा तर चांगला जड, वाटावं आत भरपूर धातू असणार. भट्टीत घातला की हाती भोपळा! जस्ताच्या खनिजालाही खाणकामगार 'ब्लेंडे'च म्हणत, तेही शिसं असल्याचं भासवायचं म्हणून. पुढे पेशब्लेंडे या फसव्या दगडात जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोटला १७८९ मध्ये युरेनियम सापडलं, आणि योआखिमस्टाल या (आताच्या चेकियातल्या) खाणींच्या गावाहून आणलेल्या त्याच्या टाकाऊ चोथ्यातून क्यूरी दांपत्याने रेडियम मिळवलं. त्याच गावच्या 'थालर' या चांदीच्या नाण्यावरून 'डॉलर' हे नाव आलं, तो किस्सा मात्र लेखात हवा होता.